अर्ध्या स्वप्नाचा पडदा

आमच्या घरमालकाला जंगल आवडत नसे. आता चांदा जिल्ह्यात, पोंभुर्ण्याच्याही आत, जिथे घराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की साग सुरू होतो, तिथे जन्म काढलेल्या माणसानं असं म्हणावं याला काय म्हणायचं? पण तो म्हणायचा, "जंगलात काय आहे पाह्याले, मास्तर? नुसते झाडंच झाडं!" आणि मागचं दार लावून घ्यायचा. पुढच्या दारावर त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती. तिच्यावर नाव नव्हतं, नुसतं 'आर्टिस्ट' असं होतं. गावात त्याला सगळे पेंटर म्हणत, आणि त्या हाकेला ओ देताना तो दर वेळी जरासा दुःखी होई.

मी त्या गावच्या शाळेत मास्तर म्हणून गेलो तेव्हा आम्ही अजून मध्यप्रदेशात होतो, आणि आयुष्यात काही करून दाखवायचं म्हणजे ते नागपूरला, असा सगळ्यांचा समज होता. तरुणपणी पेंटर नागपूरला एका पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानात काही महिने राहून आला होता. येताना एक काळा कोट, एक डोळा मिटून बोलायची सवय आणि 'कंपोझिशन' हा शब्द एवढा ऐवज घेऊन आला. कोट तो वैशाखातही घाली. शब्द तर कुठेही घाली. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, भात, वरण आणि वांग्याची भाजी वाढली की तो एक डोळा मिटून ताटाकडे बघे आणि म्हणे, "भाताचं कंपोझिशन बिघडलं." वहिनी मुकाट्यानं भात सारखा करून देत. मग स्वारी जेवायची.

बाप जन्मभर गावच्या तळ्यात जाळं टाकत आला. पोरानं जाळं खुंटीला लावलं आणि ब्रश धरला. ब्रशावर घर चालायला दुकानांच्या पाट्या होत्या, लग्नाच्या ट्रंका होत्या, देवळाच्या भिंती होत्या आणि पोळ्याला बैलांची शिंगं होती. शिंगांचं काम तो तोंड फिरवून करी. आर्टिस्टानं बैल रंगवलेला आपल्याच डोळ्यांना दिसू नये म्हणून. एका पोळ्याला अशानं एका बैलाचा कान हिरवा झाला. बैलवाला काही बोलला नाही. त्याला वाटलं, नागपूरची फॅशन असेल.

त्याचं खरं काम पडद्यांचं. धान खळ्यावरून घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत दिवसा शंकरपट भरतो, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक होतं. पाहुणे बैलांच्या निमित्तानं येतात आणि नाटकासाठी राहतात. नाटकाला पडदे लागतात. एक राजवाड्याचा, एक रस्त्याचा आणि एक जंगलाचा. राजवाडा आणि रस्ता कसेही चालत, कारण आमच्या गावात राजवाडा कोणी पाहिला नव्हता आणि रस्ता नव्हताच. घोळ व्हायचा तो जंगलाच्या पडद्याचा.

मी येण्याच्या आदल्या वर्षी त्यानं जंगलाच्या पडद्यावर मोहाच्या झाडाखाली एक वाघ काढला होता. ही गोष्ट मला गावातल्या प्रत्येकानं सांगितली, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात वाघ थोडा मोठा होत गेला. दुपारी पडदा टांगून बघायला काढला. एक म्हातारी बाई तिकडून चालली होती, तिनं मोहाखाली वाघ पाहिला, चपला काढल्या आणि हात जोडले. त्या मुलखात मोहाखालचा वाघ म्हणजे वाघोबा. त्याला ओलांडून कोणी जात नाही. दिवस मावळायच्या आत वाघाच्या कपाळावर शेंदूर चढला, पुढे नारळ फुटले आणि पडद्याच्या बांबूला कोणीतरी कोंबडा आणून बांधला. नाटकात राजा शिकारीला येतो असा प्रवेश होता. राजाचं काम करणारा गडी वाघोबाकडे पाठ करून उभा राहायलाच तयार होईना. सगळी भाषणं त्यानं देवाकडे तोंड करून, हात जोडून म्हटली, आणि पब्लिकनं सबंध प्रवेशभर राजाची पाठ पाहिली. त्या साली धान बरं पिकलं. मग पुढच्या साली नाटक मंडळाचे लोक त्याच वाघाची मागणी घेऊन आले.

"माह्या आर्टले शेंदूर फासला!" पेंटर कोटाची बटणं लावत ओरडला. "याच्यापुढं मी कोणी पाह्यलेलं काईच काढणार नाई. सपनच काढीन. सपनातल्या झाडापाशी कोण नारळ फोडते पाह्यतो!"

असा तो पडदा सुरू झाला. मी त्याच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होतो, त्यामुळे पडद्याचा पहिला त्रास मला झाला. मांजरपाटाचं लांबच लांब कापड ओसरीभर ताणलं. त्याला खळ दिली. रंगात घालायला रोज सरस उकळायला लागला. सरसाचा वास ज्यानं घेतला नाही त्यानं स्वतःला भाग्यवान समजावं. मी नाक धरून, थट्टा करायच्या पूर्ण तयारीनं ओसरीवर गेलो, आणि खरं सांगतो, थट्टा जागच्या जागी राहिली.

पडद्यावर एक नदी होती, आणि ती डोंगर चढत होती. गवत निळं होतं. झाडं पांढरी होती, आणि त्यांच्या शेंड्यांना डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, बांधून ठेवले होते, जसे आपण घाटाला बांधतो. चंद्र वाळूत पडला होता, कोणीतरी घासून पालथी घातलेल्या थाळीसारखा. कुठे घर नाही, माणूस नाही, बैल नाही. बघता बघता मला तिथे जावंसं वाटलं. ट्रंकेवर ज्याचे मोर कोंबड्यांसारखे दिसतात त्या माणसानं हे कुठून आणलं, हे मला समजेना.

"डोळे मिटले का दिसते, मास्तर," तो म्हणाला. "आर्टिस्टले सपन पडते. बाकीच्याईले नुसती झोप लागते."

पडदा डावीकडून उजवीकडे सरकत होता, आणि तोही रोज थोडाथोडा. हे मला जरा चमत्कारिक वाटे. चहाच्या टपरीवर तो रोज सकाळी कालचं स्वप्न सांगायचा. आज नदी कुठे वळली, आज झाडांत काय दिसलं. लोक चहा थंड होईपर्यंत ऐकायचे. मग तो घरी येऊन तेवढाच भाग रंगवायचा आणि ब्रश धुऊन ठेवायचा. "उद्याचं उद्या," म्हणायचा. रतीब घातल्यासारखं स्वप्न पडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आमच्या दोन खोल्यांमध्ये कुडाची भिंत होती. बांबूच्या कामट्या आणि वरून शेण-माती, त्यामुळे पलीकडचा शब्द न् शब्द अलीकडे येई. सकाळी चूल पेटली की नवरा-बायकोचं हळू आवाजात बोलणं सुरू व्हायचं. मला वाटे, वा, काय गोडी आहे! एके दिवशी मला ताप होता म्हणून मी पडून होतो, आणि कान मोकळे होते.

"मंग पाणी आणखी वर चढून राह्यलं होतं," वहिनी म्हणत होत्या.

"वर म्हंजे कुठी? दुसऱ्या पहाडावर?"

"हो ना. पहाडावर. अन् तिथीबी डोंगे झाडाच्या शेंड्याले बांधून होते."

"डोंग्याचा रंग?"

"रंग नाई पाह्यला बा मी."

"मंग पाह्यत जा ना वं! नुसती सपनात फिरून राह्यली कायले?"

मी पांघरुणात तोंड घालून हसलो, आणि त्या हसण्यानं माझा ताप उतरला असावा. म्हणजे सगळा कारखाना असा होता! आर्टिस्ट रात्रभर लाकडासारखा झोपायचा. त्याचं घोरणं मला ठाऊकच होतं, त्यात स्वप्नाला शिरायला जागाच नव्हती. स्वप्न वहिनींना पडायचं, चुलीपुढे ते त्याच्या हवाली व्हायचं, टपरीवर ते त्याचं व्हायचं आणि दुपारी पडद्यावर चढायचं. वहिनींना ह्याचं काही वाटत नसे. मूलबाळ नव्हतं, आणि त्याचा दोषही तो त्यांच्याच माथी मारून मोकळा झाला होता. त्या घरात त्यांचं म्हणून कोणी मन लावून ऐकायचं ते एवढंच. तेव्हा त्या सांगत असाव्यात.

पडदा निम्म्याच्या बराच पुढे गेला असताना डाकबंगल्यावर एक साहेब दौऱ्यावर येऊन उतरले. चित्रांचे शौकीन. त्यांच्या कानावर गेलं आणि ते स्वतः ओसरीवर आले. अर्धं गाव जमलं. साहेबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "अद्भुत!" ते म्हणाले. "हे तुम्ही पाहिलंत कुठे?"

पेंटरनं डोळा मिटला. "साहेब, हे तपश्चर्या होय."

"पूर्ण करा. शंकरपटाच्या दिवशी मी परत येतो. चांगलं उतरलं तर नागपूरच्या प्रदर्शनाला हे मी स्वतः घेऊन जाईन."

नागपूर! पेंटरचा चेहरा असा झाला की मलासुद्धा त्याच्यासाठी बरं वाटलं. तेवढ्यात मागे बायांच्या घोळक्यातून वहिनींचा आवाज आला. भांडायचा नव्हता, उलट खुशीचा होता. "अवो साहेब, ते माहं सपन होय!"

लोकांनी माना वळवल्या. पेंटर क्षणभर गोंधळला, आणि मग सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. "साहेब, हिले भाजीत मीठ टाकलं का नाई तेच ध्यानात राह्यत नाई, अन् सपन ध्यानात राह्यते म्हंते!" साहेब हसले, म्हणून गाव हसलं. वहिनी हसल्या नाहीत. त्या दिवशी पेंटरच्या जेवणात मीठ नव्हतं. विसरलं नव्हतं, कारण मला दिलेल्या वाटीत ते बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा भाऊ बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन गावाबाहेर येऊन थांबला, आणि हिरव्या लुगड्यातल्या वहिनी डोक्यावर गाठोडं घेऊन पायवाटेनं तिथवर चालत जाऊन माहेरी गेल्या. पेंटर दारातून बघत होता.

पेंटरला वाटलं, चार दिवसांत येईल. त्याला बायको गेल्याचं दुःख नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण ते दुसऱ्या नंबरचं होतं. पहिलं दुःख उजवीकडच्या कोऱ्या कापडाचं. पट तोंडावर आलेला. मग त्यानं स्वतः स्वप्न पाडायचं ठरवलं. कोणीतरी सांगितलं, जड जेवलं की पडतं. म्हणून तो जड जेवू लागला. दुपारी भरपेट उडदाचे वडे खाऊन ओसरीवर आडवा व्हायचा आणि मला बजावून ठेवायचा, हलवून उठवा आणि लगेच विचारा. मी शाळेतून आलो की हलवायचो.

एकदा तो धडपडत उठून बसला. "पडलं, मास्तर! सपन पडलं!"

"काय पडलं?"

तो बराच वेळ आठवत राहिला. "मी झोपून होतो," तो म्हणाला.

मग त्यानं माझ्या स्वप्नांवर डोळा ठेवला. एका सकाळी चहा घेऊन आला, जे त्यानं आधी कधी केलं नव्हतं. मी सांगितलं की स्वप्नात शाळेचे इन्स्पेक्टर आले होते आणि माझ्या अंगात सदरा नव्हता. त्यानं एक डोळा मिटून विचार केला. "हे बसत नाई कंपोझिशनमंधी," म्हणाला, आणि चहाचा कप परत घेऊन गेला.

शेवटी तो सासुरवाडीला निघाला आणि आधाराला मला घेतलं. मूल गावापर्यंत बंडी, तिथून मोटर, मग वैनगंगेच्या वाळूतून चालत आणि डोंग्यातून पलीकडे. गाव मार्कंड्याच्या अलीकडे, काठावर. तिथून मार्कंड्याची देवळं दिसत होती. मी हात जोडले. पेंटर मात्र काळा कोट सावरत, मनातल्या मनात काहीतरी घोकत चालला होता. मला वाटलं, माफीचं भाषण असेल.

वहिनी बापाजवळ बसून जाळं विणत होत्या. त्यांना पाहून मी थबकलो. ज्या बाईला मी इतके महिने रोज पाहत होतो ती ही नव्हे असं वाटलं. गाल भरले होते, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. "या गुर्जी," त्या हसून म्हणाल्या, आणि पाय धुवायला पाणी आणलं. नवऱ्यालाही दिलं. जावयाचा मान राखून म्हाताऱ्यानं त्याला खाटेवर बसवलं.

जावयानं गूळ खाल्ला, पाणी प्यायला, आणि तोंड उघडलं.

"नदी वळली, त्याच्या पलीकडं काय होतं?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. एवढी वाट तुडवून आलेला माणूस कशी आहेस म्हणून विचारत नाही, घरी चल म्हणत नाही, नदीच्या पलीकडे काय होतं ते विचारतो! म्हाताऱ्याला वाटलं जावई वैनगंगेबद्दल विचारतोय. तो म्हणाला, "पलीकडं वांग्याची वाडी आहे."

वहिनींना मात्र कळलं. त्यांनी जाळ्यातून मान वर केली. "मले नाई मालूम."

"आता रागावून नोको राहू. सांगून दे. पट आला जवळ."

"रागानं नाई म्हणत. इथी मले सपनच पडत नाई."

"पडत नाई म्हंजे?"

"नाई पडत. पाठ टेकली का झोप लागते. डोळे उघडते तं उजाडून राह्यते."

पेंटर माझ्याकडे वळला. "पाह्यलं, मास्तर? हवाच खराब आहे इथची." मग बायकोला म्हणाला, "घरी चाल. तिथी पडन."

"हो. तिथी पडनच," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. हात जाळ्यावर तसेच होते. "पण तिथीच काऊन पडे, अन् इथी काऊन नाई पडत, हे पुसलं तुमी कधी?"

म्हातारा नदीकडे बघत राहिला. पेंटरचे दोन्ही डोळे उघडे मी त्या दिवशी पाहिले, आणि ते कोणत्याही चित्राकडे बघत नव्हते. वहिनींनी आम्हाला मासे आणि भात वाढला. भात ताटात एकीकडे कलंडला होता. तो तसाच जेवला.

एरवी त्याला टोचायला मी टपलेला असे, पण परतीच्या वाटेवर जीभ रेटेना. घरी आल्यावर त्यानं ओसरीला बांबूचे तट्टे लावून घेतले आणि पटापर्यंत मला आत येऊ दिलं नाही. सरसाचा वास तेवढा येत होता. पलीकडे भात रोज करपायचा, त्याचाही येत होता.

पटाच्या दिवशी दुपारी मांडवात पडदा उलगडला. नदी, डोंगे, पांढरी झाडं, वाळूतला चंद्र, सगळं होतं. आणि उजवीकडे, जिथे कोरं होतं तिथे, एक साधी तपकिरी पायवाट होती आणि तिच्यावरून पाठमोरी चाललेली एक बाई. हिरवं लुगडं, डोक्यावर गाठोडं. काय सांगू, इतकी वाईट बाई मी चित्रात पाहिली नाही. एक हात दुसऱ्यापेक्षा लांब, पाय आखूड, गाठोडं आता पडतंय की मग अशा बेतात. निळ्या गवतात ती अगदी उपरी दिसत होती. लोक तिच्याकडे बोट दाखवून हसू लागले.

साहेब आले. डावीकडून बघत बघत "वा, वा" करत सरकले आणि बाईपाशी थांबले. "हे काय केलंत? सगळं स्वप्न, आणि मध्येच ही? हिनं चित्राचा नाश केला." मग समजुतीच्या स्वरात म्हणाले, "हरकत नाही. एवढी बाई पुसून टाका. वर निळं गवत काढा. उद्या सकाळी मी पडदा नागपूरला नेतो."

मंडळाच्या माणसानं लगेच सफेद्याचं डबडं पुढे केलं. गाव पेंटरकडे बघत होतं. जन्मभर ज्या नागपूरसाठी हा माणूस वैशाखात कोट घालून फिरला, ते त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं. मी मनात म्हटलं, पूस बाबा, पटकन पूस.

"नाई पुसत, साहेब," तो म्हणाला.

"का?"

"बाकीचं सारं तिचं होय. माह्या बायकोचं सपन. मी नुसता रंग देल्ला. साऱ्या पडद्यात माहं म्हणून एवढंच आहे. हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं."

मला वाटलं, आता गाव हसेल. गाव हसलं नाही. साहेबांनी चष्मा खिशात ठेवला, "बरं, बरं" म्हणाले आणि बैल बघायला निघून गेले. नागपूर त्यांच्या मागोमाग गेलं.

मांडवाच्या कडेला वहिनींचा भाऊ उभा होता. पटाला जोडी घेऊन आलेला, हातात कासरा तसाच. तो पुढे आला. बराच वेळ पडद्यावरच्या बाईकडे बघत राहिला.

"भाऊजी," तो म्हणाला, "तुमी आता बोलले ते तिले सांगू?"

पेंटरनं सफेद्याच्या डबड्याचं झाकण लावलं.

"सांग," तो म्हणाला. "पण ये म्हणून नोको सांगू. झोपू दे तिले."